तेच पाणी

कुणाला खरं वाटणार नाही, पण वडूजपासून कवठे महांकाळपर्यंत साडेतीनशे विहिरींचं पाणी मी जिभेवर घेतलंय. घोटभर तोंडात धरायचं, थुंकायचं आणि सांगायचं: ऊस घाल, ज्वारी घाल, नाहीतर विहिरीला झाकण घाल. हंबीररावाच्या बोअरचं पाणी तर इतकं खारट, की त्याच्या कोंबड्या मीठ लावलेली अंडी घालायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात, वडूजच्या स्टँडसमोर बाळासोच्या चहाच्या टपरीत मी हे सांगत होतो.

"उकडलेली घालत न्हवत्या व्हय?" आमच्या गावचा पोस्टमन कृष्णात म्हणाला.

"उन्हाळ्यात उकडलेली."

टपरी हसली. कोपऱ्यात आक्काताई पिशवी मांडीवर घेऊन एसटीची वाट बघत बसली होती. ती हसली नाही. तिला ऐकू कमी येतं, असं गावात सगळे म्हणतात.

कृष्णातनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "लालासाहेब, एवढी जीभ तुमची, मग मायाचा कांदा कसा वो गेला?"

माया म्हणजे आक्काताईची सून. नवरा प्रशांत भिवंडीला यंत्रमागावर. पंचाण्णवच्या थंडीत मायानं विहिरीखालच्या वीस गुंठ्यांत कांदा लावला. पाणी मचूळ, मीच चाखलेलं. पण त्या साली थंडी लांबली, उन्हं वर आली तरी धुकं हलायचं नाही, दिवसदिवस आभाळ आलेलं. कांदा मुठीएवढा झाला. प्रशांत सुट्टीवर आला, एक कांदा हातात घेऊन बराच वेळ बांधावर बसला आणि म्हणाला, "फुडच्या साली असाच निघाला तर माग सोडतो. घरी येतो." तेव्हाच त्याला खोकला होता. छातीत सूत बसलं होतं म्हणे.

पुढच्या साली पहिलं रोप वाफ्यातच कुजलं. दुसरं तयार होईपर्यंत माघ संपत आला. कांदा पोसायचा तो नेमका चैत्रात, आणि चैत्रात गरम वारं सुटलं. असलं कोरडं, की धुतलेलं धोतर वाळत घालायला हात वर करावा तर हातातच वाळावं. पातीचे शेंडे पांढरे पडले. मग पात आडवी झाली. सरीच्या कडेनं मिठाचा पापुद्रा धरला. निघाले ते लिंबाएवढे कांदे, तेही मऊ.

प्रशांत आला नाही. जूनमध्ये माया लेकीला घेऊन त्याच्याकडं गेली आणि आक्काताई घरात एकटी उरली.

"पाणी तेच व्हतं, गड्या," मी टपरीला समजावलं. "हवा ती न्हवती. गारव्यात पीक दमानं पितं. पाणी जरा खारं असलं तरी सोसतं. गरम वाऱ्यात त्याला सारखी तहान. ते ढसाढसा वढतं, पाणी उडून जातं, मीठ मुळापाशी साठत ऱ्हातं. मग मूळ वल्यात असून पीक तहानेनं मरतं."

"हे तुमास्नी ठावं व्हतं?"

"मला? ह्या जिभेला काय ठावं न्हाई?"

"मग मायाला का सांगितलं न्हाई?"

बाळासोनं स्टोव्हची हवा सोडली. त्याची घरघर थांबली. साडेतीनशे विहिरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"सांगितलं की," मी म्हणालो. "माघातच सांगितलं. पोरी, उशीर झालाय, उन्हाळ्यात हे पाणी कांद्याला सोसायचं न्हाई, यंदा रान तसंच पडू दे. हात जोडून सांगितलं. तिनंच ऐकलं न्हाई. आजकालच्या पोरी कुणाचं ऐकत्यात व्हय?"

आक्काताईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"खोटं बोलताय, लालासाहेब," ती म्हणाली. "पात पांढरी पडाय लागली तवा माया तुमास्नी बोलवाय आली. तुमी बांधावर हुबं ऱ्हाऊन घोट घेतला आन् म्हणालासा, तेच पाणी हाय, गेल्या साली चाललं, अजून जास्त सोड. तिनं ऐकलं तुमचं. भर दुपारचं बी सोडलं. घोट घेतला तो तांब्या माझ्या हातात व्हता."