पडवीतलं ताट

अकोल्याहून रिपोर्ट आला अन् त्याच दिवशी देवमन बुढ्याचं ताट पडवीत आलं. सुनेनं, प्रतीक्षानं, ताटाच्या पाठीवर नखपॉलिशचा ठिपका मारला. घरच्या भांड्यात मिसळू नये म्हणून.

रक्तात काविळीतला सी प्रकार, हिपॅटायटीस सी, निघाला होता. डॉक्टरनं सांगतलं होतं, "काका, हा रक्तातून जातो. एका ताटात जेवल्यानं नाही, लेकरू मांडीवर घेतल्यानं नाही. ब्लेड, ब्रश, नेलकटर आपलं आपलं ठेवा. गोळ्या पुऱ्या करा, बरे व्हाल."

पोरगा गोपाल बाजूलेच उभा होता, पण मुंडकं मोबाईलमंदी. घरी येऊन म्हणे, "बाबाची बिमारी लागते."

बुढ्यानं दोन-चारदा समजावलं. कोण ऐकते?

नातीन आचल पहिले त्याच्याच ताटात जेवे, भाकरीचा पापुद्रा सोलून घे. आता उंबऱ्यातून पाहे, तं आतून मायची हाक येई. बुढा मंग संत्र्याच्या झाडाइसंग बोलत बसे. झाडं काई उठून जात नाईत.

एका सकाळी गोपाल पडवीत आला. बुढा हरखला. सतरंजीवर सरकून जागा केली.

"बस बाबू."

"बसाले टाईम कुठी आहे? साळ्याचं लग्न ठरलं, साक्षगंध आहे मोर्शीले. तुमचं रेझर द्या."

बुढ्यानं खुंटीवरची रेझरची पिशवी छातीशी धरली. "नाई देत."

"कावून? तुमी बगीच्यात असता तवा नेतोच ना मी. धुऊन ठेवतो."

"रिपोर्ट आल्यावर बी?"

"हो. त्यात काय?"

"अबे बयताडा! ताटानं काई होत नाई, ते अलग केलं. अन् माह्या रक्ताचं पातं गालावर फिरवून राह्यला? दाढी करतानी याच्यानं गाल कापते माहा!"

गोपालचा हात आपसुक हनुवटीवर गेला. तिथं जुनं खरचटलेलं होतं. तो मटकन खाली बसला. बुढ्यानं केलेल्या त्याच जागेवर.

आत भांड्याचा आवाज थांबला.

"आता माहं ताट बी पडवीत..." गोपाल म्हणे.

"भेऊ नको. लागलंच असन असं नाई. डॉक्टरले सांग, रक्त तपासून घे. निघालंच तं गोळ्या आहेत." बुढ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीक दिवसांनी कोणाले शिवला होता तो. "पण काईबी निघो, पोरीले जवळ घेणं सोडू नको. लय अवघड जाते."

उंबऱ्यात आचल उभी होती. आतून हाक आली नाई.