मेंढरांचा आलेख

माझा राग हा शाळेतला नववा तास आहे, असं राजेश्वर सर म्हणतात. ते गणित शिकवतात आणि स्वतः कधी चिडत नाहीत, मग त्यांचं बोलायला काय जातंय! मी सुकेशनी. ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. रोज पूर्ण्याहून एसटीनं यायचं, एसटीनं जायचं, असं चौदा वर्षं चाललंय. राग येतो, मान्य. पण त्या बुधवारी मी नुसत्या रागात नव्हते. मला सगळं कळतंय या गुर्मीत होते, आणि ते जास्त वाईट.

नववीला गतीचा धडा आहे. अंतर, काळ, चाल. दिवाळीच्या सुट्टीत मी पोरांना प्रकल्प दिला होता, वीस मार्कांचा. घरातली, शेतातली कोणतीही हलणारी गोष्ट घ्या, दर दहा मिनिटांनी तिनं किती अंतर कापलं ते मोजा आणि अंतर-काळ आलेख काढा. सुट्टी संपली आणि त्रेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या तीसेक जणांची सायकल एकाच चालीनं चालली होती, अगदी मीटरला मीटर. एकमेकांचं बघून लिहायचं तरी जरा अक्कल लावून लिहावं की नाही! माझं डोकं तिथंच तापलं.

मग रुपालीची वही हातात आली. ही धनगराची पोर, मागच्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी. तिचा विषय होता मेंढ्यांची गती. पद्धत झकास लिहिली होती. कॅनॉलच्या रस्त्यानं लाइटचे खांब आहेत, दोन खांबांतलं अंतर दोरीनं मोजलं, पन्नास मीटर. वेळ बापाच्या मोबाइलवर बघितली. संध्याकाळी सव्वाचारपासून दर दहा मिनिटांना कळप किती खांब पुढं गेला, ते आकडे. सहा, सहा, पाच, सात. आणि मग एकदम चौदा, एकोणीस. आलेखाची रेषा आधी निवांत चालली होती आणि शेवटच्या वीस मिनिटांत ताडकन वर गेली होती.

आता माझं सांगते. माझं लहानपण पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. गती म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं गाडी येते, आणि जंक्शन जवळ आलं की गाडी हळू होते, हे मी चालायच्या आधी शिकले. त्यात मेंढ्या तर दिवसभर चाललेल्या, दमलेल्या. शेवटी रेषा आडवी व्हायला पाहिजे, हिची उभी झाली. म्हणजे कुणाच्या तरी मोटारसायकलीचा आलेख उचलून मेंढ्यांच्या नावावर खपवला, असं मी ठरवूनच टाकलं.

"काय गं रुपाली," मी भर वर्गात म्हटलं, "तुझ्या मेंढ्यांना सेल्फ स्टार्टर बसवलाय का?"

वर्ग खो खो हसला. ती उभी राहिली. "म्या मोजलंय मॅडम. मेंढरं शेवटाला पळत्यात."

"कशाला पळतात? त्यांची शाळा सुटते का?"

पुन्हा हसू. ती काहीतरी बोलणार होती, पण माझी गाडी सुटली होती. "कॉपी केलेली चालेल एक वेळ, पण आकडे मनानं लिहिणं मला चालत नाही. खोटारडेपणा आहे हा." आणि मी त्या आलेखावर लाल पेनानं ही एवढी फुली मारली, शून्य लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. ती रडली नाही. वही दप्तरात घातली आणि बसली.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी पण नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटताना राजेश्वर सर हळूच म्हणाले, "मॅडम, रुपालीचा बाप, बिरदेव, सोमवारी मेंढरं घेऊन जिंतूरकडं चराईला निघायलाय. दरसाल जातो. औंदा पोरीला पण नेणार म्हणतो."

"आणि शाळा?"

"जिथं माझ्या लेकराला लबाड म्हणत्यात तिथं कशाला ठिवू, असं म्हणाला."

दरवर्षी बिरदेव मेंढ्या घेऊन जायचा आणि रुपाली आजीजवळ राहून शाळा करायची. कळपाबरोबर गेली की ती पाऊस पडल्यावरच परतणार, नववीचं वर्ष बुडणार. आणि नववीतून गेलेली पोरगी परत बाकावर बसलेली चौदा वर्षांत मी एकदाही बघितली नाही. त्यांची लग्नाची पत्रिकाच येते. तरीसुद्धा माझं डोकं बघा कसं चालतं! मी मनात म्हटलं, आधी खात्री करू. पोरगी खोटी असेल तर समजावून आणू, आणि खरी असेल तर... त्याच्या पुढं मी विचार केला नाही.

डबा खाल्ला आणि कॅनॉलच्या रस्त्याला लागले. गावापासून बऱ्याच अंतरावर कळप सापडला. बिरदेव खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता, रुपाली दुसऱ्या अंगाला. मला बघून तिनं तोंड फिरवलं. बिरदेवनं नुसती मान हलवली.

"मी तुमच्याबरोबर मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत चालते," मी म्हटलं. "मोजायचंय मला."

"चाला की. रस्ता काय आमच्या बापाचा हाय?" तो म्हणाला.

सव्वाचारला मोबाइल काढला आणि खांब मोजायला लागले. दहा मिनिटांत सहा खांब. पुढच्या दहात पाच. मेंढ्या खाली मान घालून, बांधाबांधानं, चरत चरत चालल्या होत्या. माझ्या साडीला कुसळं लागली, चपलेचा अंगठा सुटायला आला. पण खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. बघा, म्हटलं, सुकेशनी चुकत नसते.

पाच वाजायला आले आणि पुढची एक मेंढी थांबली. तिनं मान वर केली, कान टवकारले आणि ओरडली. लांबून बारीक आवाज आले, एक नाही, पन्नास. अख्ख्या कळपानं माना वर काढल्या आणि जे सुटला म्हणता! धुरळा, घंट्या, ओरडा. मी मोबाइल धरून मागं पळतेय, खांब मोजतेय, दम लागतोय, अहो थांबा म्हणतेय. मेंढ्यांना कोण थांबवणार? चौदापर्यंत मोजले. पुढचे अठरा की एकोणीस, खरंच सांगता येत नाही, कारण मी तेव्हा कमरेवर हात ठेवून वाकले होते.

वाड्यावर पोचले तर जाळीच्या कुंपणाजवळ रुपालीची आजी, केवळाबाई, एकेक पालथं घातलेलं, टोपलीसारखं डालगं उचलत होती. डालग्याखालून कोकरं सुटत होती आणि बरोबर आपापल्या आईच्या कासेला जाऊन भिडत होती. ढुश्या मारून पीत होती, शेपट्या नुसत्या थरथरत होत्या. दिवसभर आया रानात आणि ही बारकी पोरं डालग्याखाली.

"रोज अशाच पळतात?" मी विचारलं.

केवळाबाईनं माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं. "दिसभर लेकरू सोडून गेल्याली माय सांजंला हळू येती व्हय, बाई?"

मी खाली दगडावर बसले. माझा चार वर्षांचा माऊली पूर्ण्याला सासूबाईंजवळ असतो. शाळा सुटल्यावर एसटी गाठायला मी कशी पळते ते सगळ्या गावानं बघितलंय. पिशवी एका हातात, चपला दुसऱ्या हातात. आणि मी त्या पोरीला विचारलं होतं, कशाला पळतात म्हणून. मला माझीच लाज वाटली, डोळ्यांत पाणी आलं.

रुपाली कोकरं मोजत होती. मी उठून तिच्याजवळ गेले. "रुपाली, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं गं."

तिनं हातातलं कोकरू खाली सोडलं. "हितं नका म्हणू मॅडम," ती म्हणाली. "हितं मला कोण खोटं म्हणत न्हाई. तिथं म्हणा."

मी बिरदेवकडं बघितलं. "सोमवारी तिला पाठवा. मी सगळ्यांसमोर बोलते."

"सोमवारी गवतावरचं दहिवर वाळलं की आमी निघणार," तो म्हणाला. "वाट शाळंवरूनच हाय. बघू." एवढंच.

रविवारभर मी घरात सगळ्यांवर खेकसले. सोमवारी पहिला तास नववीचा. हजेरी घेतली, रुपालीच्या नंबरापुढं गैरहजर लिहिलं. साडेदहा झाले. मी ठरवलं, ती असो नसो, बोलायचं. खडू ठेवला आणि तेवढ्यात बाहेर घंट्या वाजल्या. पोरं खिडकीकडं धावली. मैदानापलीकडं रस्त्यावर कळप थांबला होता, सोबतचा गडी त्याला अडवून उभा होता. दारात बिरदेव, आणि त्याच्या मागं रुपाली. अंगात शाळेचा ड्रेस, पण दप्तर नाही. हातात प्रवासाचं गाठोडं.

बिरदेवनं वहाणा बाहेर काढल्या, पण आत आला नाही. "बोला म्याडम," तो म्हणाला.

मी खिडकीजवळच्या पोरांना हात केला. "बसा रे सगळे," मी म्हटलं. "बुधवारी मी रुपालीला खोटारडी म्हणाले. तिनं कळपामागं चालून मोजलं होतं. मी खुर्चीवर बसून, काही न मोजता फुली मारली. मेंढ्या शेवटी खरंच पळतात, मी स्वतः त्यांच्या मागं पळून आले. तिचा आलेख या वर्गातला सगळ्यात खरा आलेख आहे. रुपाली, मी चुकले."

कुणी हसलं नाही. बिरदेवनं घोंगडीच्या आतून वही काढली, तो आलेख उघडला आणि माझ्यापुढं धरला. "आन् ही फुली? ही तर हायच की."

मी वही टेबलावर ठेवली. फुलीच्या शेजारी लाल पेनानंच लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. बिरदेवनं वही उलटसुलट करून बघितली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ती रुपालीच्या हातात दिली. "वाच. मोठ्यानं."

रुपालीनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "मोजमाप अचूक. आलेख बरोबर. वीसपैकी वीस. चूक..." ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"वाच की गं," मी म्हटलं.

"चूक शिक्षिकेची."

बिरदेवनं तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, आपल्या खांद्याला अडकवलं आणि वहाणा घातल्या.

"बस तू," तो तिला म्हणाला, आणि मेंढरांकडं एकटाच गेला.