चालता खडा

खडा उडाला तेव्हा सासूबाई चष्मा पुसत होत्या, पण त्यांना आवाजावरूनच कळलं. मेजावर पडलेला खडा वेगळा वाजतो, फरशीवर पडलेला वेगळा. दागिन्यांत खडे बसवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईला हे काय कुणी सांगायला हवं? सून हातात रिकामा चिमटा धरून बसली होती, चेहरा पांढराफटक. मेजाच्या कडेला कातड्याची झोळी अडकवायची असते, पडलं-झडलं झेलायला. ती आज तिने लावलीच नव्हती.

खडा होता गिऱ्हाईक बाईच्या गेलेल्या आईच्या अंगठीतला. एका कडेला बारीकसा टवका, त्या खुणेवरून बाई तो हजारांत ओळखणार. दुसरा बसवून वेळ मारून न्यायची सोय नाही. बरं, साडेपाचला ती यायची होती आणि चार वाजून गेले होते. या धंद्यात खडा हरवला म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, बदलला. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारीत मातीत.

सून रडकुंडीला आली. सासूबाईंनी तिला बजावलं, की जागची हलू नकोस, पायाला चिकटला की गेला. रडायचंच असेल तर बसल्या बसल्या रड. मग स्वतः चपला काढून, पाऊल टाकायची जागा आधी हाताने चाचपत त्यांनी खिडकी लावली, वर काळं कापड ओढलं, दिवा बंद केला. हरवलेला खडा शोधायचा तो अंधारात. दोघी टॉर्च घेऊन फरशीवर पालथ्या झाल्या. सासूबाईंचे गुडघे कुरकुरले, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता?

सुनेलाच आधी दिसलं. भिंतीकडेला लखलखणारा ठिपका. तिचा जीव भांड्यात पडला आणि तेवढ्यात ठिपका चालू लागला.

"आई, खडा चालतोय."

अशा वेळीसुद्धा सासूबाईंना हसू फुटलं. कोळी होता तो. जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यातला नव्हे. धावून शिकार धरणारा, घरात-बागेत भिंतीकडेने हिंडणारा, करडा. त्यातून ही मादी. पाठीवर पिल्लांची गर्दी, आणि त्यांचे डोळे टॉर्चच्या उजेडात भुकटीसारखे चमकत होते. सून कोळ्याला भलती भ्यायची. तिचा हात चपलेकडे गेला.

"मारलंस तर पिल्लं खोलीभर पांगतील," सासूबाई म्हणाल्या. "मग शोधत बस त्यांच्यातून खडा."

सुनेने चप्पल खाली ठेवली. मादी सरसर कपाटाच्या पायामागे गेली आणि दिसेनाशी झाली. सासूबाई विचारात पडल्या. तिथे तर भिंत आहे, मग ही गेली कुठे? त्या सरपटत गेल्या, बोट फिरवलं, तर फट! करंगळी जाईल एवढी. इतकी वर्षं रोज तिथून केरसुणी फिरत होती आणि फटीचा पत्ता नव्हता. फरशीचा उतारही मेजापासून नेमका तिकडेच.

त्यांनी चिमटा उचलला. तो थरथरला. बोटांच्या सांध्यांना सूज होती, गेलं वर्षभर सासूबाई ती सगळ्यांपासून लपवत होत्या. आज लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी चिमटा सुनेच्या हातात दिला.

"मला नाही जमणार, आई. ती आत आहे."

"असू दे. तिला तिच्या पोरांचं पडलंय. टॉर्च कपाळाशी धरून बघ, मग बाजूला ने. विझतील ते तिचे नि पोरांचे डोळे. उरेल तो खडा."

सुनेने टॉर्च बाजूला नेला. आतले ठिपके विझले, एक तेवढा राहिला, अगदी मादीच्या पायाशी. चिमटा आत गेला. मादीने पुढचा एक पाय उचलून चिमट्यावर ठेवला. सुनेच्या कपाळावरून घाम ओघळला, पण हात तसूभर हलला नाही. सासूबाई खड्याकडे बघतच नव्हत्या. त्या तो हात बघत होत्या. खडा बाहेर आला, टवक्यासकट.

गिऱ्हाईक बाई दहा मिनिटं आधीच आली. सासूबाईंनी सगळं खरं सांगून टाकलं, खडा पडला होता, सापडला, अजून बसवायचा आहे. बाईचा चेहरा उतरला. तिने भिंग मागून घेतलं, टवका बघितला, खात्री झाल्यावर श्वास सोडला आणि स्पष्टच म्हणाली, की आता तो सासूबाईंनी स्वतः बसवावा, तिच्या डोळ्यांदेखत.

"माझे हात कापतात," सासूबाई म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच कुणापुढे बोलत होत्या. "हिचा हात स्थिर आहे. मी आत्ताच बघितलाय."

त्यांनी सुनेसाठी खुर्ची ओढली. सून बसली, आणि चिमट्याला हात लावण्याआधी तिने मेजाला झोळी अडकवली.