तारेचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना लाल चेंडू आहे. माझ्या अंगावर एक लांब ओरखडा आहे. तो कुणी पाडला, या संशयापायी एका मुलीचं खेळणंच संपणार होतं.

आत बूच आणि दोरा, वर चामडं, त्यावर हाताने घातलेली शिवण, असा मी घडलो आणि नंदुरबारच्या एका दुकानात येऊन पडलो. हिवाळा होता. भारताची पाहुण्या संघाशी मालिका चालू होती. दुकानातल्या टीव्हीसमोर माणसं कुजबुजत, "चोरून नखांनी चेंडू खरवडला असेल, नाहीतर इतका वळतो का?" ते ऐकून मला प्रत्येक हाताचा संशय येऊ लागला.

त्याच मोसमात जिल्ह्यातल्या मुलींचे सामने भरले. मला दुकानातून तिथे नेलं आणि शेवटच्या सामन्यात मी एस्तेरच्या हातात आलो. ती नवापूरकडच्या डोंगरातली. वडील पौलस शेती करून मजुरीलाही जात. तिची बोटं शिवणीवर घट्ट बसली तेव्हा मी मनात म्हटलं, हीच ती नखं! पण तिने मला नुसतं कपड्यावर घासून चमकवलं. मी असा वळलो की तापीकाठच्या संघाच्या मुली एकामागून एक बाद झाल्या. राज्याच्या निवड चाचणीसाठी मुली हेरायला आलेल्या निर्मला मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

मग त्याच संघातली सारंगखेड्याची रंजिता खेळायला आली. तिने मला असं फटकावलं की मी थेट मैदानाच्या कुंपणाच्या काटेरी तारेत जाऊन अडकलो. चामडं फाटलं. तिच्याच संघाचे प्रशिक्षक हेमकांत सर तिथे बसले होते. त्यांनी मला ओढून काढलं आणि मैदानात फेकलं.

पुढच्याच षटकात एस्तेरने आणखी एकीचा त्रिफळा उडवला. हेमकांत सर अहिराणीत ओरडतच आत आले, "हाई पोर चेंडू खरडी ऱ्हायनी! देखा त्याले!"

पंच नवनीत सरांनी मला उलटसुलट फिरवलं. "हा ओरखडा कसला?"

"सर, तारेला लागला तो," एस्तेर म्हणाली. तिने कुंपणाकडे बोट दाखवलं.

"चोर आशेच सांगस," हेमकांत सर म्हणाले.

निर्मला मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मला तोंड असतं तर! मी रंजिताकडे पाहिलं. का बोलेल ती? एस्तेर बाहेर गेली की सामना रंजिताच्याच संघाचा.

रंजिताने हेल्मेट काढलं. "सर, तिनी काही कयं नही. मन्हा फटका तारमा गया व्हता. तुम्हीच तं काढा व्हता चेंडू!"

हेमकांत सर खाली बघत पुटपुटले, "ध्यानमाच नही ऱ्हायनं." खरंच विसरले होते का? मला अजून शंका आहे.

माझ्या जागी दुसरा चेंडू आला. तो काही वळेना, आणि रंजिताचा संघ जिंकला. चाचणीसाठी मात्र एस्तेरचं नाव पुकारलं गेलं, रंजिताचं नाही.

रंजिताने मला पंचांकडून मागून घेतलं आणि एस्तेरच्या हातात ठेवलं. "ली जाय. हाऊ तुन्हा शे."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटनं ना. पुढला सालले मी बी येसू."

आता मी एस्तेरच्या घरी फळीवर असतो. ती गावोगावी सामने खेळते. पौलस अधूनमधून मला फडक्याने पुसतात.

मित्रांनो, चेंडूला जपा, पण खेळणाऱ्यांना त्याहून जास्त जपा. मी तारेत अडकलो तेव्हा कुंपणाशी पुष्कळ माणसं बसली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. बाकीचे का बोलले नाहीत? तुम्ही तिथे असतात, तर बोलला असतात ना?