चिंगीची सोयरीक

लातूरच्या मृत्युंजय आप्पांनी डाळीचं दुकान थोरल्या मुलाच्या हवाली केलं आणि त्यांचा दिवस काचेच्या टाकीसमोर जाऊ लागला. टाकीत चिंगी होती. सून शिवानीनं हैदराबादच्या दुकानातून आणलेली ॲक्सोलॉटल, पाण्यातच राहणारा पालीसारखा जीव. पांढरट अंग, चार इवले पाय, मानेला गुलाबी झुपके आणि तोंडावर कायमचं हसू. आप्पा तिला चिमट्यानं गांडुळं भरवायचे.

"शिवानी, हिला पिल्लं व्हाया पाहिजेत," एक दिवस ते म्हणाले. "एवढं गुणी जनावर हाय."

शिवानीनं चौकशी केली. असलीच जनावरं पाळणाऱ्या नांदेडच्या उज्वलाकडं नर होता, सरदार. रविवारी ती त्याला गार पाण्याच्या पेटीत घेऊन लातूरला आली; पण पेटी तिनं उघडली नाही.

"आधी चिंगीला बघू द्या."

तिनं बराच वेळ निरखलं. वय दीड वर्षाच्या पुढं, लांबी वीतभर, पोट गोल, झुपके टवटवीत.

"काका, पोरगी एक नंबर हाय!"

आप्पा फुलले.

"आणली कुठून?" उज्वलानं विचारलं. शिवानीनं दुकान सांगितलं, तसा उज्वलाचा चेहरा उतरला. सरदारही तिथलाच होता. तिनं लगेच दुकानदाराला स्पीकरवर फोन लावला.

"हौ, दोनों एकीच मादी के बच्चे हैं," तो म्हणाला.

"म्हंजे भाऊबहीण," शिवानी पुटपुटली.

"जनावरात काय होतंय त्याला?" आप्पांनी धीर सोडला नाही.

"काका, ही शेकड्यानं अंडी घालती. त्यातली पिल्लं अधू निघाली, तर मरताना बघवंल का तुम्हाला?"

चिंगी काचेला तोंड लावून त्यांच्याकडंच बघत होती. आप्पांनी काचेवर बोट टेकवलं.

"न्हाई बघवणार," शेवटी ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

"दुसऱ्या घरचा नर शोधू की," शिवानी म्हणाली.

"शोधू. पण आधी एक निस्तरायचंय." आप्पांनी मान खाली घातली. "औशाच्या व्याह्यांना मी पिल्लू कबूल करून बसलोय. त्यांनी टाकीबी आणली."

दोघी खो खो हसल्या. आप्पांनी नाइलाजानं फोन लावला.

"हॅलो, व्याही? टाकीत पाणी भरलं का?... भरलं? लई झाक. आता त्यात मासे सोडा."