पायाळू पोरीच्या कॅमेऱ्याचा स्टँड

मी कॅमेऱ्याचा स्टँड बोलतोय. पाय तीन, त्यातला एक सुतळीनं बांधलेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मैंदर्गीच्या शिवानंदच्या फोटो स्टुडिओत माझी उमर गेली. एका लग्नात पाहुणा माझ्यावर रेलून पान लावत बसला आणि माझा पाय मोडला. माणसांना टेकायला काहीही चालतं बघा! नवा स्टँड आला, माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला शिवानंदच्या लेकीनं, दाक्षायणीनं, खाली काढलं. तिला विजेचा फोटो हवा होता. तिच्या सोलापूरच्या कॉलेजात प्रदर्शन होतं आणि सोमवारी शेवटची तारीख. पण दाक्षायणी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. पायाळूला वीज हुडकत येते, असं तिची आई सावित्रम्मा मानायची. गडगडलं की लेक आतल्या खोलीत. वीस वर्षांच्या पोरीनं वीज कधी धड बघितलीच नव्हती.

शनिवारी अंधार पडला आणि लांब अक्कलकोटकडं आभाळ लखलखू लागलं. पाच मिनिटांची परवानगी काढून दाक्षायणीनं मला माडीच्या खिडकीशी उभं केलं. कॅमेऱ्याचं बटन दाबून धरायचं, तोवर त्याचा डोळा उघडा राहतो, आणि वीज चमकली की सोडायचं, एवढंच काम. पण वीज चमकली की दारातली सावित्रम्मा डोळे गच्च मिटायची आणि पोरगी जागेवर आहे ना म्हणून लगेच बॅटरीचा झोत टाकायची. काढलेल्या पाचही फोटोंत खिडकीचे गज तेवढे लख्ख, वीज पुसट!

मग एकदा जोरात गडगडलं. सावित्रम्मानं लेकीला ओढून आत नेलं. दाक्षायणी भांडली नाही, नुसती रडली. मला लई वाईट वाटलं.

थोड्या वेळानं सावित्रम्मा एकटीच खिडकीशी आली. बॅटरी खाली ठेवली.

"मी न्हाय की पायाळू," ती आत बघून म्हणाली. "बटन मी दाबते. तू तितनं सांग."

"अव्वा, डोळे मिटू नगं. नायतर वीज कदी आली कळायची न्हाय," आतनं लेक आईला म्हणाली.

सावित्रम्मानं बटन दाबून धरलं. मी सुतळीचा पाय घट्ट रोवला. तिच्या ओठांवर शिवाचं नाव, डोळे सताड उघडे. आणि सगळं आभाळ उजळून वीज खाली उतरली. तिनं बटन सोडलं.

पुढची वीजही तिनं डोळे उघडे ठेवून बघितली.

"इतकी वर्सं डोळे मिटूनच भ्याले की मी," ती हळूच म्हणाली. "ही वीज कुनाला हुडकत न्हाय गं."

मग आतल्या खोलीकडं हात केला. माया दाटली की ती कानडीत बोलते.

"बा, मगळे." ये, पोरी.

तो फोटो सोमवारी वेळेत पोचला. खाली नावं दोघींची आहेत. मी आता माळ्यावर नाही, त्याच खिडकीशी असतो. जमलं तर माझी सुतळी तेवढी बदला, कारण गडगडलं की दोघी धावत वर येतात आणि वीज बघता बघता सावित्रम्मा माझ्यावरच टेकते. टेकू दे.