दोशाच्या पिठात हात

व्यंकोजीरावांनी जन्मात बायकोचा हात धरला तो दोनदा. एकदा लग्नात, भटजींनी धरायला लावला म्हणून. आणि दुसऱ्यांदा यंदाच्या माघात, तिचा हात भाजला तेव्हा. मधली सगळी वर्षं हा माणूस बंगळुरात चिकपेटेतल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत राहिला.

कॉफीचं फिल्टर भरताना उकळतं पाणी सोयराबाईंच्या हातावर सांडलं, मनगटापासून पार कोपरापर्यंत. ओरडणं ऐकून व्यंकोजीराव धावत आले. त्यांना काय सुचलं देव जाणे! आईने कधीकाळी सांगितलेला उपाय आठवला असावा. त्यांनी बायकोचा दंड धरला आणि सकाळच्या दोशांसाठी फुगत ठेवलेल्या पिठाच्या पातेल्यात तिचा हात सरळ कोपरापर्यंत बुडवला.

"थंड वाटतंय का?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

वाटत होतं. पण त्या थंडाव्यापेक्षा सोयराबाईंना दंडावरची त्यांची बोटंच जास्त जाणवत होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण संतापली. "घरात नळ नाही का? भाजल्यावर साधं पाणी सोडायचं! यावर स्वल्प तेल घातलं असतं तर दोसाच झाला असता." व्यंकोजीरावांनी मान खाली घातली. पण ऑटोतून घरी येईपर्यंत दंड काही सोडला नाही.

फोड आले, फुटले, मेलेली कातडी सुटली. खालून कोवळी गुलाबी कातडी दिसायला लागली, आणि त्याच सुमारास एका पहाटे व्यंकोजीराव झोपेतच गेले.

रीतीप्रमाणे सोयराबाईंच्या बांगड्या उतरल्या, मंगळसूत्र गेलं, कपाळ मोकळं झालं. नवऱ्याचं म्हणून अंगावर होतं नव्हतं ते सगळं बायकांनी काढून घेतलं. हातावरचा डाग तेवढा कुणाला काढता आला नाही.

मुलाने, रणजीतने, त्यांना जे. पी. नगरला आपल्या फ्लॅटवर नेलं. तो आणि सून रक्षिता दोघंही सकाळीच ऑफिसला जात. दिवसभर बोलायला कुणी नाही. शेजारचं दार उघडे ते पार्सल आत घेण्यापुरतं. सोयराबाई बसून डागाकडे बघत. गुलाबीचा तांबूस झाला, मग तपकिरी, कडेने जरा गडद.

"अत्ते, उन्हात हात काढू नका हं," मलमाची ट्यूब देत रक्षिताने बजावलं. "नवी कातडी कोवळी असते. ऊन लागलं तर डाग काळा पडतो, लवकर जात नाही. जपलात तर बघा, कळणारसुद्धा नाही."

"सरी, बरं," सोयराबाई म्हणाल्या.

आणि दोघांची पाठ वळली की बाई पदर सारून गॅलरीत, ऐन उन्हात! ट्यूब तुळशीच्या कुंडीमागे. घामाच्या धारा लागत, डोकं ठणके, पण हात काही आत येत नसे. डाग काळपट राही आणि त्यांच्या जिवाला बरं वाटे. सुनेशी आपण लबाडी करतोय हे त्यांना कळत होतं. पण करणार काय? त्यांच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग बंगळुराचं आभाळ भरून आलं आणि आठवडेच्या आठवडे ऊन म्हणून दिसेना. डाग फिका होत चालला. आधी कडा गेल्या, मग मधलं.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" रक्षिता हरखून म्हणाली. सोयराबाईंना रडू फुटलं. ते आनंदाचं आहे असं तिला वाटलं.

एका रविवारी सकाळी रक्षिता स्वयंपाकघरात आली, तर सासूबाई ओट्याशी उभ्या. डोळे मिटलेले आणि हात कोपरापर्यंत दोशाच्या पिठात. पीठ थंडगार होतं, तेव्हाच्याइतकंच. पण दंड कुणी धरलेला नव्हता, आणि त्या अजूनही वाट बघत होत्या.

"अय्यो, अत्ते! परत भाजलं?" रक्षिताने हात ओढून नळाखाली धरला. पीठ वाहून गेलं. "कुठं भाजलं? दाखवा ना."

सोयराबाईंनी हात खिडकीच्या उजेडात नेला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"इथंच होतं गं," त्या म्हणाल्या, पण बोट कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.